हॉल थ्रस्टरच्या भिंतीचे काम काय?

प्रश्न : ‘नासा’च्या सायकी या लघुग्रह-यानाच्या हॉल थ्रस्टरमध्ये (विजेवर चालणाऱ्या इंजिनात) झेनॉन वायूच्या आयनांना विद्युत क्षेत्रच बाहेर ढकलते. मग त्याची वर्तुळाकार नळी धातूऐवजी सिरॅमिकची कशासाठी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आयनांपुरते आपले म्हणणे बरोबर आहे, भिंतीचा खरा संबंध येतो तो इलेक्ट्रॉनांशी. चुंबकीय क्षेत्र त्यांना नळीत अडवून धरते आणि ते झेनॉनवर आदळून त्याचे आयन करतात. नळीत धनाग्राकडून बाहेरच्या दिशेने सुमारे ३०० व्होल्टचा विद्युतदाब पसरलेला असतो, त्यामुळे भिंत साध्या धातूची केल्यास ती या दाबाला ‘शॉर्ट सर्किट’ करते. म्हणून एसपीटी, म्हणजे ‘स्टेशनरी प्लाझ्मा थ्रस्टर’, जातीच्या थ्रस्टरांत (यातला पहिला १९७१च्या अखेरीस सोव्हिएत ‘मेटिओर’ उपग्रहावरून अवकाशात गेला) बोरॉन नायट्राइड आणि सिलिका यांच्या मिश्रणाची भिंत रूढ झाली.

पण विद्युतरोधक असणे एवढ्यावर भागत नाही. चपळ इलेक्ट्रॉन आधी येऊन आदळल्याने भिंत ऋणभारित होते आणि मागून येणाऱ्यांना परतवते. हा तिचा पहारा. मात्र आदळलेला इलेक्ट्रॉन भिंतीतून दुसरे इलेक्ट्रॉन उडवतो, आणि एकामागे सरासरी एक निघू लागला की पहारा ढिला पडतो, तापलेले इलेक्ट्रॉन भिंतीवर ऊर्जा ओततात, शिवाय काही इलेक्ट्रॉन भिंतीवर आपटत आपटत, झेनॉनचे आयनीभवन न करताच, धनाग्र गाठतात. ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड) या दुसऱ्या सिरॅमिकमध्ये ही वेळ बोरॉन नायट्राइडपेक्षा कमी ऊर्जेलाच येते. त्यामुळे तीच नळी ॲल्युमिनाची केली की विद्युतप्रवाह वाढतो आणि कार्यक्षमता घसरते. ग्राफाइट मोजकेच इलेक्ट्रॉन उडवते, पण ते वीजवाहक, म्हणजे पहिली अडचण पुन्हा समोर.

झिजेचा प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते व्यवहारात तोच अधिक जाचक. तिरके जाणारे आयन नळीच्या तोंडाकडची भिंत कणाकणाने खरवडतात. ती संपली की मागचे चुंबकाचे ध्रुव उघडे पडतात आणि थ्रस्टरचे आयुष्य तिथेच सरते.

गेल्या दशकात ‘नासा’च्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील संशोधकांनी चुंबकीय रेषा भिंतीला समांतर वळवून, तप्त प्लाझ्मा (आयन-इलेक्ट्रॉनांचा वायू) तिच्यापासून दूर ठेवून दाखवला. तिथे सहा किलोवॉटच्या थ्रस्टरला चक्क ग्राफाइटची भिंत बसवून पाहिली, तेव्हा कार्यक्षमतेतला फरक एक-दोन टक्क्यांच्या आतच राहिला. म्हणजे भिंत कशाची असावी, हा प्रश्न अशा रचनेत बराचसा तिच्या वजनाचा, मजबुतीचा आणि खर्चाचा उरतो. सायकीवरील एसपीटी-१४० मात्र जुन्या वळणाचे असल्याने त्यात सिरॅमिकला पर्याय नाही.