विचारा की! : सावलीला तलवारीनं मारता येतं का?

गेल्या अंकात आम्ही लिहिलेलं की तुमचा लाडका कॉम्प्युटर गेम कुठला आणि त्यात अजून काय अडलंय ते कळवा. पत्रं भरपूर आली, त्यातली निम्मी भांडणं मिटवा म्हणणारी. तीन घेतोय.

प्रश्न : दादा, मी खानापूरचा. १९९७ ला दहावीची परीक्षा झाल्यावर बेळगावला मामाकडं राहून टिळकवाडीत कॉम्प्युटर क्लास लावलेला. डॉस, वर्डस्टार, फॉक्सप्रो असलं शिकवायचे, चपला बाहेर काढून आत जायचं, आत एसी म्हणून आम्ही अर्धा तास आधीच जाऊन बसायचो. तिथं एका मशीनवर पांढऱ्या कपड्यातला माणूस पळायचा, उड्या मारायचा, खाली सुळे, त्यात पडला की संपलं. एका ठिकाणी दार बंद असतं आणि उंदीर येऊन ते उघडतो, हे सांगितलं की घरातली पोरं हसायलेत मला. आणि माझा मावसभाऊ म्हणायलाय की त्यानं शेवटी त्या माणसाच्या सावलीला तलवारीनं मारून गेम संपवला. पंचवीस वर्षं झाली, दर गणपतीला हेच. यंदा पाव किलो कुंद्याची पैज लागल्या. खरं-खोटं तुम्हीच करा.

उत्तर : कुंदा तुमचा. उंदीर खरा, मावसभाऊ खोटा.

गेम म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया, कैदेतल्या राजकन्येला सोडवायचा. उंदीर आठव्या लेव्हलला येतो. दार लागतं, तुम्ही अडकता, काहीच सुचत नाही आणि तिकडून राजकन्येनं पाठवलेला पांढरा उंदीर तुरूतुरू येऊन दार उघडायची फरशी दाबतो. घाई करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्याला तो कधी दिसलाच नाही, त्यामुळं आमच्या बॅचमध्ये पण निम्म्यांना ही थाप वाटायची.

आता सावली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते, पुढं तुमची औषधाची बाटली पिऊन जाते, तोंडावर दार लावते, लई त्रास देते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला एक वार केला की रक्त तुमचंच कमी होतं, आणि ती मेली की तुम्ही पण मेलात. करायचं काय, तर खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, दोघं एक होतात. पुढं खड्डा दिसतो तिथं न थांबता पळायचं, पायाखाली फरशी आपोआप येते. मावसभावाला एवढंच विचारा, "सावलीला मारल्यावर पुढचा खड्डा कसा ओलांडलास गा?" काय म्हणतो बघा.

तो माणूस इतका खरा का पळायचा ते पण सांगतो, कारण त्या काळच्या बाकी गेममध्ये माणसं काड्यापेटीसारखी सरकायची. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन पोरानं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चित्र गिरवून काढलं. संगीत वडिलांचं. म्हणजे घरचाच कारभार. १९८९ ला ॲपल टू कॉम्प्युटरवर आला, आपण खेळलो तो १९९० चा डॉसवाला. मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या हरवल्यात असं मेकनर समजत होता, त्या २०१२ ला वडिलांना घरातल्या खोक्यात सापडल्या.

आणि एक गोष्ट वाचून तुम्ही कपाळावर हात मारणार. गेमला वेळ मिळायचा ६० मिनिटं, आमच्या क्लासात प्रॅक्टिकल अर्ध्या तासाचं. म्हणून तो कुणाचाच संपायचा नाही. खरं, तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल आणि जी दाबलं की गेम सेव्ह व्हायचा! मॅन्युअल कुणी बघितलेलं, फ्लॉपीवरनं फ्लॉपीवर आलेली कॉपी ती. मला हे कळलं तेव्हा मला नोकरी लागलेली होती.

आज खेळायचा तर लॅपटॉपवर डॉसबॉक्स घाला, जुने डॉसचे गेम चालवायचं सॉफ्टवेअर ते, त्यात चालतो. पोरांना पहिले दहा मिनिटं बोअर होईल, होऊ दे.

प्रश्न : दादा नमस्कार, निपाणीहून लिहितेय. आमचे मामंजी तंबाखूच्या वखारीत हिशेबाला होते, शेवटच्या वर्षांत तिथं कॉम्प्युटर आला आणि ते माऊस धरायला पत्त्यांच्या गेमवरच शिकले. आता त्यांना नवा लॅपटॉप घेतला तर पत्ते मध्येच थांबून जाहिरात लागते, ते चिडून झाकण लावतात. जुना गेम मिळेल का?

उत्तर : ताई, मामंजी एकटे नाहीत, अर्धं जग तिथंच माऊस शिकलं. सॉलिटेअर १९९० ला विंडोज ३.० बरोबर आला. वेस चेरी नावाच्या शिकाऊ पोरानं लिहिला, त्याला त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत. पत्ता धरून ओढायचा आणि दुसरीकडं सोडायचा, एवढं जमलं की माऊस आला. बदाम सात खेळलेल्या माणसाला तर सांगायला पण लागत नाही.

विंडोज ८ पासून तो आधीपासून घालून द्यायचं बंद झालं. आताच्या पत्त्यांच्या संचात जाहिराती आहेत आणि त्या काढायला पैसे मागतात, मला हे पटत नाही, म्हाताऱ्या माणसाच्या डावात काय जाहिरात घालायची! तात्पुरतं म्हणून इंटरनेट बंद करून लावून बघा, जाहिराती सहसा येत नाहीत. नाहीतर सरळ खरा कॅट आणा, मामंजींच्या समोर तुम्ही बसा.

प्रश्न : शहापूरहून. रोड रॅश या मोटारसायकलच्या शर्यतीच्या गेममध्ये म्हणे भारी गाणी होती. आम्ही दोन वर्षं खेळलो, एक पण ऐकलं नाही. आमची कॉपी खराब होती काय?

उत्तर : कॉपी नाही हो, सायबर कॅफेवाल्यानं स्पीकर काढून ठेवलेले असणार, आमच्याकडं तसंच होतं. १९९६ च्या कॉम्प्युटरवाल्या रोड रॅशमध्ये साउंडगार्डन वगैरे रॉक बँडची गाणी होती, आता हेडफोन लावून ऐका. आम्हाला एकच आवाज माहीत. समोरच्याला साखळी हाणून पहिला नंबर आलेला, शेवटचा टप्पा राहिलेला, आणि मागनं मालक कानडीत, "टाइम आय्तु," म्हणजे वेळ संपली. मॉनिटर बंद करायचा हात पण त्याचाच.