मुंबईत राहतो, मांडव्याजवळ घर आहे. शनिवार-रविवारी कुटुंबासह जाण्यायेण्यासाठी पहिली मोटरबोट कुठली घ्यावी? २८ फुटी केबिनवाली जुनी बोट मनात आहे.

केबिनवाली नको. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी स्वतः त्याच मोहात पडलो होतो.

माझी पहिली बोट २६ फुटांची, जुनी. आत दोघं झोपतील एवढी जागा, छोटं सिंक, संडास. विकणाऱ्याने गाद्यांना नवे अभ्रे चढवले होते आणि आमच्या घरात निर्णय झाला तो त्या अभ्र्यांवर. तीन वर्षांत त्या केबिनमध्ये एक रात्रही कुणी झोपलं नाही. मार्च उजाडला की आत भट्टी, आणि बोट हलत असताना खाली गेलेला माणूस पाच मिनिटांत तोंड दाबून वर येतो. शेवटी तिथे दोऱ्या, लाइफ जॅकेटं आणि ओले टॉवेल राहायला लागले. तुमचं तर मांडव्याला घर आहे. पाण्यावर आणखी एक खोली कशाला?

आधी सांगा, बोट राहणार कुठे? जाहिरातीत हे कुणी विचारत नाही, पण पुढचं सगळं यावरच ठरतं. बोट मरिनात बांधली, नळी लावून धुतली आणि घरी गेलो, ही चैन आपल्याकडे जवळपास नाहीच. बोट मुरिंगवर, म्हणजे समुद्रात तळाशी टाकलेल्या वजनाला बांधून, चोवीस तास खाऱ्या पाण्यात उभी राहते. तिच्यापर्यंत जायला वेगळी होडी लागते. लक्ष ठेवायला माणूस लागतो आणि त्याचा पगार बारमाही असतो. पावसाळ्यात बोट बाहेर काढून जमिनीवर ठेवावी लागते, म्हणजे क्रेन आली, जागेचं भाडं आलं. याचा वर्षाचा आकडा आधी काढा, मग बोटीच्या किमतीकडे बघा.

पाण्यात उभ्या बोटीला इंजिन कुठलं, हेही इथेच ठरतं. माझ्या बोटीला इंजिन आत आणि पंख्याचा पाय मागून बाहेर, अशी रचना होती. तिला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. तो पाय पूर्णपणे पाण्याबाहेर येत नाही. आपल्या कोमट पाण्यात दोन महिन्यांत त्यावर शिंपल्यांचा थर चढतो. पाय आणि बोट यांच्यामध्ये रबराचा एक भाता असतो. तो फाटला की पाणी सरळ बोटीत. माझा फाटला. राखणदाराला मागचा भाग खाली बसलेला दिसला म्हणून बोट वाचली, इंजिन वाचलं नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: मुरिंगवर राहणाऱ्या बोटीला आउटबोर्ड. मागच्या फळीवर टांगलेलं, काम झालं की तिरकं करून पाण्याबाहेर काढता येणारं. फोर-स्ट्रोक घ्या. यामाहा, सुझुकी, मर्क्युरी यांतलं कुठलंही, पण ज्याचा मिस्त्री आणि सुटे भाग तुमच्या जवळ मिळतात तेच. ब्रँडवरून लोक तासन्‌तास भांडतात. शनिवारी सकाळी इंपेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं रबरी चक्र, बदलून देणारा माणूस कुणाकडे आहे, ते मी बघतो.

आकार म्हणाल तर १९ ते २१ फूट, उघडी, मध्ये उभं राहून चालवायची, वर कापडाचं छत. बूड खोल व्ही आकाराचं हवं. तलावासाठी बनवलेल्या सपाट बुडाच्या बोटी स्वस्त मिळतात आणि शोरूमच्या फोटोत रुंदही दिसतात, पण बंदराच्या तोंडाशी उसळत्या पाण्यात त्या कमरेचा खुळखुळा करतात. चौघा-पाचजणांना ९० ते ११५ हॉर्सपॉवर पुरे. पूर्ण वेगात ११५चं इंजिन तासाला साधारण ४० लिटर पेट्रोल पितं, निवांत वेगात जवळपास निम्मं. गेटवे ते मांडवा ढोबळमानाने आठ सागरी मैल, म्हणजे २० नॉटच्या वेगाने पंचवीसेक मिनिटं. जाऊन-येऊन वीसेक लिटर. तुम्ही म्हणता त्या २८ फुटीला दोन मोठी इंजिनं असतील तर हाच हिशोब तीन-चार पट करा. टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेल्याला हात लावायचा नाही, हा जुना नियम पाळा.

लहान बोट सुचवण्याचं खरं कारण मात्र पेट्रोल नाही, ओहोटी आहे. आपल्याकडे उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. सकाळी जिथे बोट लावली तिथे दुपारी चिखल असतो. रेवस आणि धरमतरच्या खाडीत मी दोनदा रुतलोय. दुसऱ्यांदा बरोबर सासुरवाडीची मंडळी होती आणि सहा तास भरतीची वाट बघताना डब्यातल्या शेवटच्या घावनापर्यंत सगळं संपलं. २० फुटी बोट तळाला टेकली तर दोघं गुडघाभर चिखलात उतरून ढकलू शकतात, इंजिन वर घेऊन वल्ह्याने मागे येऊ शकतात. २८ फुटी टेकली की ती हलणार भरतीलाच.

भरतीचं ॲप फोनवर ठेवाच, पण कोळ्यांचा हिशोबही शिकून घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन वाजता, षष्ठीला साडेचारला. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. म्हणजे षष्ठीच्या शनिवारी सकाळी साडेदहाला पाणी सगळ्यात खाली, आणि नेमके तेव्हाच पाहुणे सामान घेऊन धक्क्यावर उभे! अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. पहिल्या काही फेऱ्या तेव्हाच करा. आमच्या घरी कालनिर्णय आता बोटीसाठीच बघितलं जातं.

दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी बंदरातून बाहेर निघालं असेल तर दोघांची समोरासमोर गाठ पडते आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. हिवाळ्यात सकाळी आठला आरशासारखं असलेलं पाणी चारला अंगावर येतं. म्हणून रविवारी परत निघायची वेळ जेवणाआधीची ठेवा. घरच्यांना हे पटवणं बोट घेण्याहून अवघड आहे.

अंधारात तर नकोच. वाटेत कोळ्यांची डोल जाळी, म्हणजे एका जागी रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी, लावलेली असतात आणि त्यांचे बोये काही वेळा थर्माकोलच्या एखाद्या तुकड्याएवढे. जाळं पंख्यात गेलं तर इंजिन बंद, आणि ज्याचं जाळं फाटलं त्याच्या आठवड्याच्या कमाईचं नुकसान. खांदेरीकडे जायची इच्छा होईल, सगळ्यांनाच होते. तिथे किल्ल्याभोवती खडक आहेत, पहिल्या वर्षी स्थानिक तांडेल, म्हणजे तिथलं पाणी ओळखणारा नावाडी, बरोबर असल्याशिवाय जाऊ नका.

कागदपत्रं: महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडची नोंदणी, सर्वे, विमा आणि चालवणाऱ्याचा परवाना. जुनी बोट ‘कागद नंतर करून देतो’ म्हणून मिळत असेल तर सोडून द्या. नवीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे जुनीकडे ओढा वाढणार हे समजू शकतो. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नव्हे. १८ डिसेंबर २०२४ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेही भर दिवसा, आपल्याच बंदरात. व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटीवरचा बिनतारी संच, १६ नंबरच्या संकटकालीन चॅनेलवर चालू ठेवा आणि तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये घालून ठेवा.

बोट बघायला जाल तेव्हा मेकॅनिक आणि एक लाकडी हातोडी न्या. मागच्या फळीवर ठोकत जा. फायबरच्या आत बहुधा प्लायवूड असतं. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत पाणी शिरून लाकूड कुजलंय. इंजिन तिरकं करून त्यावर हळूच झोका द्या, फळी वाकताना दिसली तर चहाही न पिता निघा. आणि पोचल्यावर सगळ्यात आधी, गप्पा सुरू व्हायच्या आत, इंजिनाच्या झाकणाखाली हात लावून बघा. कोमट लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच ते चालू करून ठेवलं होतं. तसं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जा आणि थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा.