वाचकांचे प्रश्न: दोन टर्मचा नियम आला कुठून?

प्रश्न : अमेरिकेच्या प्रेसिडेंटने दोनच टर्म करायच्या असं त्यांच्या घटनेत पहिल्यापासून होतं का? आणि कॅबिनेट वगैरे सगळं वॉशिंग्टनला तयारच मिळालं होतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, यातलं काहीच तयार नव्हतं. ३० एप्रिल १७८९ ला न्यूयॉर्कच्या फेडरल हॉलमध्ये पहिला प्रेसिडेंट जॉर्ज वॉशिंग्टन याने शपथ घेतली तेव्हा हातात घटना होती, पण रोजचा कारभार कसा चालवायचा याबद्दल ती बहुतेक ठिकाणी गप्पच आहे. कॅबिनेटचंच बघा, खात्याच्या प्रमुखाकडून प्रेसिडेंटने लेखी मत मागावं एवढंच तिच्यात आहे, सगळ्यांना एकत्र बसवायचं असं कुठेही नाही. ते वॉशिंग्टनने सुरू केलं, जेफरसन (परराष्ट्र), हॅमिल्टन (अर्थ), नॉक्स (युद्ध) आणि रँडॉल्फ (कायदा) यांना समोरासमोर बसवून, आणि त्यातल्या पहिल्या दोघांचं तर अजिबात पटायचं नाही.

काही पायंडे तर चक्क वैतागातून पडलेत. घटना म्हणते तह करताना सेनेटचा, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा, सल्ला आणि संमती घ्या, म्हणून ऑगस्ट १७८९ मध्ये वॉशिंग्टन नॉक्सला घेऊन स्वतः सेनेटमध्ये गेला, दक्षिणेकडच्या क्रीक वगैरे मूळ रहिवासी जमातींशी (त्यांना तेव्हा इंडियन म्हणत) करायच्या तहाबद्दल विचारायला. व्हाइस प्रेसिडेंट जॉन अ‍ॅडम्स कागद वाचायला लागला तर बाहेर रस्त्यावर घोडागाड्यांचा एवढा खडखडाट की सेनेटर मॅक्लेने डायरीत लिहून ठेवलंय, काहीतरी इंडियन लोकांबद्दल चाललंय एवढंच कळलं. मग खिडक्या बंद करायला लावल्या, परत वाचलं, आणि त्यावर सेनेटर म्हणाले की हे आपण कमिटीकडे देऊ. वॉशिंग्टन भडकलाच, मी इथे आलो त्याचा सगळा उद्देशच फसला म्हणाला. सोमवारी तो परत आला, काम उरकलं, पण त्यानंतर असा सल्ला घ्यायला तो कधी गेला नाही. आधी बोलणी करून तह ठरवायचा आणि मग मंजुरीला पाठवायचा ही पद्धत तिथून रुळली.

दोन टर्मचं म्हणाल तर त्याला १७९२ मध्येच घरी जायचं होतं, निरोपाचा मसुदासुद्धा घटना लिहिणाऱ्यांपैकी एक असलेल्या मॅडिसनकडून करून घेतला होता, पण लोकांनी थांबवलं. १७९६ ला मात्र ऐकलं नाही. थकला होता, टीकेला कंटाळला होता, तत्त्व वगैरे त्यात फार नव्हतं असं मला वाटतं. त्याचं तत्त्व बनवलं पुढे प्रेसिडेंट झालेल्या जेफरसनने, तिसरी टर्म नाकारताना. नियम तेव्हाही नव्हता, म्हणून तर फ्रँकलिन रूझवेल्ट १९४० मध्ये तिसऱ्यांदा आणि १९४४ मध्ये चौथ्यांदा निवडून आला, आणि मग १९५१ मध्ये दोन टर्मची मर्यादा घालणारी बावीसावी घटनादुरुस्ती झाली.

प्रश्न : विरोधी पक्ष पहिल्यांदा जिंकला तेव्हा सत्ता सोडताना काही गडबड झाली नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : झाली की, आणि भरपूर. तेव्हा प्रत्येक इलेक्टरला (प्रेसिडेंट निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधीला) दोन मतं असायची आणि कुठलं प्रेसिडेंटसाठी, कुठलं व्हाइस प्रेसिडेंटसाठी असा फरकच नव्हता. त्यामुळे १८०० च्या निवडणुकीत वॉशिंग्टननंतर प्रेसिडेंट झालेला अ‍ॅडम्स हरला खरा, पण विरोधी पक्षाचा जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा आरन बर, दोघांनाही ७३-७३ मतं पडली. प्रकरण प्रतिनिधी सभेत गेलं, तिथे एका राज्याला एक मत, १६ पैकी ९ राज्यं हवीत, आणि जेफरसनची गाडी आठवर अडली. फेब्रुवारी १८०१ मध्ये ३५ वेळा मतदान होऊनही तेच! मेरीलँडचा निकोल्सन तापाने फणफणलेला, तरी त्याला बर्फातून सभागृहात आणलं, बाजूच्या खोलीत खाटेवर झोपवलं, कारण त्याचं मत गेलं तर मेरीलँडच बरकडे जाणार होतं. शेवटी १७ तारखेला डेलावेअरच्या बेयार्डने आणि आणखी काही फेडरलिस्टांनी, म्हणजे हरलेल्या पक्षाच्या लोकांनी, बरला पाठिंबा द्यायचा हट्ट सोडला आणि ३६ व्या फेरीत जेफरसन १० राज्यांनी जिंकला.

अ‍ॅडम्स ४ मार्चला शपथविधीला थांबला नाही, पहाटेच गाडीत बसून गावाकडे निघाला, आणि त्याबद्दल त्याला अजून नावं ठेवतात. त्यानेच १७९८ मध्ये सेडिशन अ‍ॅक्टवर सही केली होती, सरकारवर टीका करणारे संपादक त्याखाली तुरुंगात गेले, ते मला अजिबात पटत नाही. पण खुर्चीसाठी त्याने सैन्य हलवलं नाही, निकाल अडवला नाही, आणि एवढ्या कडवट निवडणुकीनंतर हे फार मोठं काम होतं. मतांचा तो घोळ १८०४ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने मिटवला, तेव्हापासून दोन्ही पदांसाठी वेगवेगळं मत देतात.