सायकलचा गिअर एकाच दिशेने अडतो, तो का?

प्रश्न : माझी माउंटन बाइक साडेतीन वर्षांची असून तिला मागे नऊ चक्रांची कॅसेट आहे. गिअरची केबल फ्रेमच्या बाहेरून जाते. दर रविवारी मी कोथरूडहून खडकवासल्यामार्गे डोणज्यापर्यंत आणि जमल्यास सिंहगडाच्या घाटात वरपर्यंत जातो. पावसाळ्यात चिखल फार लागत असल्याने परतताना दुचाकी धुण्याच्या केंद्रावर सायकल धुऊन घेण्याची सवय लावून घेतली होती. पाऊस संपल्यापासून मात्र गिअर सुस्तावले आहेत. घाट चढताना गिअर हलका करण्यास अडचण येत नाही, पण उतारावर गिअर जड करण्यासाठी खटका दाबला की पायडल दोन-तीन वेळा फिरेपर्यंत काहीच होत नाही आणि मग साखळी एकदम दोन चक्रे ओलांडून जाते. आमच्या भागातील मेकॅनिकने डिरेलरचे, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या मागच्या यंत्रणेचे, स्क्रू फिरवून पाहिले, फरक पडला नाही, तेव्हा संपूर्ण डिरेलर बदलावा लागेल असे सांगितले. खरोखर तेवढा खर्च आवश्यक आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : बहुधा नाही. गिअर नेमका कोणत्या दिशेने अडतो हे आपण स्पष्ट लिहिले, त्यामुळे निदान निम्म्याहून अधिक सोपे झाले आहे. ‘गिअर वर’ आणि ‘गिअर खाली’ हे शब्द प्रत्येक जण आपापल्या अर्थाने वापरतो, म्हणून येथे मागचे मोठे चक्र म्हणजे हलका गिअर आणि लहान चक्र म्हणजे जड गिअर एवढेच धरून चालू.

साखळी मोठ्या चक्रावर जाते ती आपल्या अंगठ्याच्या जोराने. खटका दाबला की केबल ओढली जाते आणि डिरेलर आत सरकतो. लहान चक्राकडे परत येताना मात्र आपला जोर कोठेच लागत नाही. खटका केबल फक्त मोकळी सोडतो आणि डिरेलरमधली छोटी स्प्रिंग तिला मागे खेचून घेते. केबलच्या आवरणात गंज किंवा माती साचली, तर अंगठा त्या घर्षणावर मात करतो आणि आपल्याला फारसे काही जाणवतही नाही. पण स्प्रिंगची शक्ती तेवढी नसल्याने ती अडून राहते, आपण वैतागून खटका दुसऱ्यांदा दाबतो, आणि अडलेली केबल अखेर सुटते तेव्हा दोन्ही खटक्यांचा हिशेब एकदम चुकता होतो. आपल्या साखळीची दोन चक्रांची उडी ही अशीच असावी. याउलट तक्रार फक्त मोठ्या चक्राकडे जाताना असती, तर मी केबल सैल झाली आहे असे म्हटले असते. दोन्ही दिशांना गोंधळ असता, तर सर्वप्रथम हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा छोटा धातूचा तुकडा, वाकला आहे का ते पाहण्यास सांगितले असते.

एवढ्याशा घर्षणाने इतका फरक का पडावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या गिअरच्या सायकलींवर खटका नसलेला साधा दांडा असे आणि साखळी नीट बसेपर्यंत तो थोडा पुढेमागे करून स्वार स्वतःच चूक सुधारून घेत असे. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९८४ साली ड्युरा-एस या आपल्या वरच्या श्रेणीत खटक्यागणिक एक चक्र बदलणारी पद्धत आणली आणि ती पुढे सर्वत्र रूढ झाली. सोय वाढली, पण ढिलाई खपवून घेण्याची सवलत संपली. नऊ चक्रांच्या कॅसेटमध्ये लगतच्या दोन चक्रांच्या मध्यांतले अंतर सुमारे ४.३५ मिलिमीटर असते आणि नेहमीच्या शिमानो रचनेत त्यासाठी केबल एका खटक्याला अवघी अडीच मिलिमीटर सरकते. त्यातला अर्धा मिलिमीटर जरी आवरणात अडकला, तरी साखळी दोन चक्रांच्या मध्ये घुटमळत राहते.

खात्री घरीच करता येईल. सायकल उलटी ठेवून पायडल फिरवत साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर आणा. मग चाक पूर्ण थांबवून, पायडल न फिरवता, खटका सोडत सोडत शेवटच्या जड गिअरपर्यंत न्या. साखळी जागची हलत नसल्याने केबल सैल पडेल आणि फ्रेमवरच्या खाचांतून आवरणाचे, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘आऊटर’चे, तुकडे अलगद बाहेर निघतील. प्रत्येक तुकडा आतल्या तारेवरून पुढेमागे सरकवून पाहा. तो लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकला पाहिजे. माझा संशय मागच्या चाकाजवळच्या वळणदार तुकड्यावर आहे. फ्रेमवरून ओघळणारे पाणी त्याच्या तोंडातून आत शिरते आणि वळणाच्या तळाशी साचून राहते. त्यातच धुण्याच्या केंद्रावरचा दाबाचा फवारा, जो मोटारसायकलच्या मडगार्डखालचा चिखल काढण्यासाठी असतो, तो मातीसकट पाणी आत ढकलतो. हे काम बादली, मग आणि जुन्या ब्रशवरच सोपवलेले बरे.

केबल सैल असतानाच आणखी दोन गोष्टी तपासा. डिरेलर हाताने आत ढकलून सोडून द्या. तो चटकन परत आला तर त्याचे सांधे आणि स्प्रिंग ठीक आहेत आणि बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. तो रेंगाळला तर सांधे ब्रशने घासून त्यांत पातळ तेलाचे थेंब सोडा आणि पुन्हा पाहा. दुसरे म्हणजे खटका रिकामाच दाबून पाहा. प्रत्येक वेळी स्पष्ट ‘टक्’ व्हायला हवे. ते पोकळ लागत असेल, तर शिफ्टरमधले, म्हणजे हँडलवरच्या खटक्याच्या यंत्रणेतले, मूळचे ग्रीस सुकून चिकट झाले आहे.

उपाय फारसा महाग नाही. मागचा तुकडा आणि आतली तार बदला. जमल्यास सगळे आऊटर बदला. दुकानात गिअरचेच आऊटर मागा, ते बहुधा ४ मिलिमीटर जाडीचे असते. ब्रेकचे आऊटर त्याच्यासारखेच दिसते, पण त्यात पोलादी पट्टी गोल गुंडाळलेली असते आणि ती दाबाखाली किंचित आखडते. गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असल्याने लांबी बदलत नाही. कापल्यावर आतल्या प्लॅस्टिक नळीचे तोंड चेपते, ते सुईने मोकळे करून मगच आऊटरच्या टोकावरची छोटी टोपी बसवा. ही बारीकशी गोष्ट घाईत हमखास राहून जाते आणि नवे आऊटर घालूनही तक्रार तशीच राहते. तुकड्याची लांबी जुन्याइतकीच ठेवा.

जुळवणी करताना शिफ्टर शेवटच्या जड गिअरवर ठेवा, केबलच्या वाटेवरची फिरकी (केबलचा ताण कमी-जास्त करणारी, हाताने फिरवायची नळी) पूर्ण आत घालून एक फेरा बाहेर घ्या आणि तार हाताने ताणून घट्ट करा. खटका दाबल्यावर साखळी दुसऱ्या चक्रावर चढायला आळस करत असेल, तर फिरकी मागून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा. उतरायला आळस करत असेल तर उलट. पहिल्या काही फेऱ्यांनंतर गिअर पुन्हा थोडे बिघडले तर घाबरू नका. लोक त्याला केबल लांबणे म्हणतात, पण बहुतांशी आऊटरची टोके टोप्यांमध्ये नीट बसत असतात. पाव फेऱ्यात काम भागते.

आता मेकॅनिकने फिरवलेल्या स्क्रूंविषयी, कारण येथे धोका आहे. डिरेलरवरचे ‘एच’ आणि ‘एल’ हे स्क्रू फक्त दोन टोकांच्या मर्यादा ठरवतात. मधल्या चक्रांवरच्या सुस्तीशी त्यांचा संबंध नसतो. पण ‘एल’ स्क्रू ढिला झालेला असेल, तर घाटातल्या खड्या चढावर सर्वांत हलका गिअर टाकताच साखळी मोठ्या चक्रापलीकडे जाऊन आऱ्यांमध्ये अडकेल. सिंहगडाला जाण्यापूर्वी उलट्या सायकलवर डिरेलर हाताने पूर्ण आत ढकलून साखळी पलीकडे पडत नाही ना, हे अवश्य पाहा.

साखळीही मोजून घ्या. बारा इंची पोलादी पट्टीच्या शून्यावर एका पिनेचा मध्य धरल्यास नव्या साखळीत बारा इंचांवर पिनेचाच मध्य येतो. तो एक षोडशांश इंच पुढे सरकला असेल, तर साखळी बदलण्याची वेळ जवळ आली आहे. साडेतीन वर्षांच्या रविवारांनंतर तसे आढळले तर नवल नाही.

प्रश्न : गिअरच्या केबलमध्ये आणि साखळीवर मी घरातले खोबरेल तेल वापरतो. उन्हाळ्यात गिअर छान चालतात, थंडीत सकाळी अडतात. तेल कमी पडते का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : तेल कमी पडत नाही, थिजते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होऊ लागते आणि डिसेंबरात आपण बाटली उन्हात ठेवतो ती त्याचसाठी. पहाटे तळजाईच्या टेकडीवर निघताना आपल्या केबलमध्ये तेच मेण झालेले असते. आतली तार बाहेर काढून पुसा, आऊटरमधून मात्र ते तेल पूर्ण निघणार नाही, म्हणून ते बदलाच. नव्या आऊटरला आतून गुळगुळीत नळी असते, तिला वेगळ्या तेलाची गरज नसते. तेल घातले तर धूळच चिकटते. साखळीसाठी सायकलचे तेल आणा, प्रत्येक कडीवर एक थेंब सोडा, अर्धा तास थांबा आणि बाहेरून दिसणारे सगळे तेल फडक्याने पुसून टाका.