स्पीकरच्या तारेचे टोक कसे असावे?

स्पीकरच्या तारेला कोणता जोड लावावा, या विषयावर तीच ती शंका घेऊन इतकी पत्रे आली आहेत की त्यांतील काही प्रश्नांना येथे एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : बनाना प्लग (भोकात खुपसायचा जोड) आणि स्पेड (स्क्रूखाली आवळायचा, खाच असलेला चपटा जोड) यांच्यामुळे आवाजात फरक पडतो का?

उत्तर : नाही. तार वारंवार काढावी-घालावी लागत असेल तर ४ मिलिमीटरचा बनाना प्लग घ्यावा आणि एकदा जोडून पुन्हा हात लावायचा नसेल तर स्पेड. मात्र टर्मिनलच्या, म्हणजे तार जोडण्याच्या स्क्रूच्या, दांड्याचा व्यास आधी मोजावा, कारण ६ मिलिमीटर खाचेचा स्पेड ८ मिलिमीटरच्या दांड्यावर बसत नाही.

प्रश्न : चोवीस कॅरेट सोन्याचा मुलामा असलेल्या प्लगने आवाज खुलतो, असे विक्रेता सांगतो. महाग असला तरी घ्यावा का?

उत्तर : विजेचे वहन सोन्यापेक्षा तांब्यातून अधिक चांगले होते. मुलाम्याचा उपयोग एवढाच की जोडाचा पृष्ठभाग काळवंडत नाही, आणि त्यासाठी साधा मुलामा पुरेसा असतो. १.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या ५ मीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध (विजेला होणारा अडथळा) सुमारे ०.१२ ओहम भरतो, तर घट्ट बसलेल्या जोडाचा रोध त्यापुढे नगण्य असतो. तेच पैसे २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर खर्च केले, तर हा रोध ०.०७ ओहमवर येईल. ती तार अस्सल तांब्याची आहे की तांब्याचा पातळ थर दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, हेही विचारून घ्यावे. विक्रेते ते आपणहून सांगत नाहीत.

प्रश्न : तारेचे तंतू विखुरतात म्हणून एका मित्राच्या सांगण्यावरून टोकांना सोल्डर लावून ती स्क्रूखाली आवळली. दोन महिन्यांनी डाव्या स्पीकरचा आवाज मधूनच जाऊ लागला. असे का व्हावे?

उत्तर : हा ऐकीव सल्ला किती घरांत पोहोचला आहे, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते. सोल्डर मऊ असते आणि सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरत जाते. त्यामुळे आज हाताला घट्ट लागलेला स्क्रू काही आठवड्यांनी सैल पडतो, जोड खरखरू लागतो आणि अखेर आवाज तुटतो. शिवाय सोल्डर जेथे संपते तेथेच तार वाकत राहते आणि नेमकी तेथेच मोडते. प्लगच्या वाटीत केलेले सोल्डरिंग वेगळे, कारण तेथे पकड स्क्रूच्या दाबावर अवलंबून नसते. आता अ‍ॅम्प्लिफायर बंद करून त्याची पिन भिंतीतून काढा, सोल्डर लागलेला भाग पूर्ण कापून टाका, वेष्टन सुमारे १० मिलिमीटर सोला, तंतू घट्ट पिळा आणि त्यावर योग्य मापाची धातूची नळी क्रिम्पिंगच्या (नळी तारेवर दाबून बसवण्याच्या) हत्याराने दाबून घ्या. साध्या पकडीने चेपलेली नळी निसटते. नंतर तार हलकेच ओढून पाहा. एकही तंतू बाहेर राहता कामा नये. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका अ‍ॅम्प्लिफायरच्या लाल आणि काळ्या टर्मिनलांमध्ये केसाएवढा एकच तंतू आडवा पडलेला होता आणि तेवढ्याने त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळाले होते. एवढे करूनही आवाज जात राहिला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) किंवा स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये (जाड-बारीक आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये) असू शकतो. तेव्हा आणखी दोन महिने वाट न पाहता तंत्रज्ञाला दाखवावे.

प्रश्न : टर्मिनलच्या भोकांत प्लॅस्टिकची बुचे आहेत. ती काढावीत का?

उत्तर : काढता येतात. युरोपातील भिंतीवरच्या सॉकेटमध्येही ४ मिलिमीटरचा प्लग शिरू शकतो, म्हणून ती बसवलेली असतात. घरातील सॉकेट तशी असून लहान मुले असतील, तर बुचे राहू द्यावीत आणि स्पेड वापरावेत.

प्रश्न : स्टेजच्या स्पीकरला पाव इंची जॅक चालेल का?

उत्तर : टाळावा. चालू अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो आत-बाहेर करताना क्षणभर शॉर्ट होऊ शकतो. सोय असेल तेथे फिरवून अडकणारा स्पीकॉन नावाचा जोड वापरावा.

प्रश्न : प्लग कमी पडतात. दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकाच प्लगमध्ये घातल्या तर?

उत्तर : मुळीच घालू नयेत. अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये काळे टर्मिनल ग्राउंडला जोडलेले नसते, त्यावरही सिग्नल असतो. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची माहितीपुस्तिका पाहावी आणि त्यात स्पष्ट उल्लेख नसेल, तर तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय तारांना हात लावू नये.