बोरी-बाभळी

बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनचा, मी पहाटे वाचला. 'मॅडम इथं आपलं कोणीच नाही, जगून तरी काय करू.' लगेच फोन लावला, तू उचललास तेव्हा कुठं जीवात जीव आला. पण फोनवर नुसतं हं हं करत होतास, म्हणून लिहायलेय.

आमची आज्जी परभणीकडची. पहाटे चारला जात्याची घरघर सुरू व्हायची, समोर थोरली जाऊ, खुंट्याला दोघींचे हात, एक ओढायची एक लोटायची, भोवती पिठाचं पांढरं कडं पडायचं आणि आज्जी सीता गायची. राज्याभिषेकाची नाही बरं का, नंतरची. दिवस गेलेली, लोक काय म्हणतील यापायी नवऱ्यानं टाकलेली, लक्ष्मणानं रानात सोडलेली, दगडाची उशी करून निजलेली. गाता गाता आज्जीचा आवाज घोगरा व्हायचा पण हात थांबायचा नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यात आपल्या बीडच्या माजलगावच्या बायकांच्या पण आहेत, निवांत वेळ मिळाला की ऐक.

त्यातल्या एका ओवीत कोणीतरी विचारतं की एवढ्या रानात रडतंय कोण, आणि मग बोरी बाभळीच बायका होऊन सीतेची समजूत काढायला येतात. लहानपणी मला वाटायचं आंबा नाही चंदन नाही, ही काट्याचीच झाडं का? आता कळतं, मे महिन्यात आपल्या बांधावर दुसरं उभं तरी काय असतं. मला तर वाटतं ती ओवी रचणाऱ्या बायकांनी स्वतःलाच बोरी बाभळी म्हणलंय, सासुरवासात अंगाला काटे आलेल्या, तरी दुसरीचं रडू ऐकून उठून जाणाऱ्या.

आणि हे पण बघ, त्या तिला पॉझिटिव्ह राहा म्हणत नाहीत, अयोध्येला पण नेत नाहीत. वनवास तसाच राहतो. पण ती मोठ्यानं रडली म्हणून कोणाला तरी ऐकू गेलं. तू पावणेदोनला लिहिलंस ते रडणंच होतं आणि ते तू केलंस याचं मला फार बरं वाटलं बाळा.

ज्यांच्याकडून आशा होती ते मित्र येणार नाहीत कदाचित. मेसच्या मावशी, ताट अर्धं टाकलं की ओरडतात ना तुझ्यावर, त्यांना एकदा सांगून बघ की जेवण जाईना. रात्री फारच जीव नकोसा झाला तर १४४१६ लाव, टेलिमानस म्हणून सरकारी नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. आणि मला लाव, कितीही वाजू दे.

रविवारी मात्र घरी ये. आज्जीचं जातं परसात आहे अजून, खुंटा नवा बसवून घेतलाय. ज्वारी पण निवडून ठेवलीय, पण मला एकटीला ते ओढत नाही, समोर कोणीतरी बसायला लागतं.

तुझी मॅडम