लहानपणी बाप्तिस्मा झालेला असताना दुसऱ्या चर्चमध्ये पुन्हा का घ्यायला सांगतात?

प्रश्न सोलापूरचा आहे म्हणून इथूनच सांगतो. माझ्या भाचीच्या बाप्तिस्म्याला, म्हणजे पाण्याने चर्चमध्ये सामील करून घेण्याच्या विधीला, पाळकांनी काचेच्या वाडग्यातलं पाणी तीनदा कपाळावर लावलं, ती किंचाळली, झालं. पुढे पंधराव्या वर्षी दृढीकरण (आपला विश्वास स्वतः पक्का करण्याचा विधी) आणि मगच प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं). तिच्या मैत्रिणीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र मोठ्या माणसाला हौदात पूर्ण बुडवतात. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा त्यांच्या लेखी बाप्तिस्माच नाही. म्हणून 'पुन्हा'.

मुळात पाणी, तेलाचा अभिषेक आणि भोजन हे एकाच रात्री, बहुधा ईस्टरच्या जागरणात व्हायचं. पश्चिमेत तेल बिशपनेच (अनेक चर्चांवरचा प्रमुख) लावायचं ठरलं, बिशप गावोगाव पोचेना, आणि तेलाचा विधी, म्हणजेच दृढीकरण, वेगळा पडला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत आजही बाळाला तिन्ही एकदमच मिळतात.

वाद जुनाच. इ.स. २५६ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता, फुटीर गटाचा बाप्तिस्मा पोकळ, नव्याने द्या. रोमचा बिशप स्टीफन म्हणाला, नको, डोक्यावर हात ठेवा, पुरे. पश्चिमेत पुढे रोमचंच चाललं.

आपल्याकडे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा अँग्लिकन (बाळांना बाप्तिस्मा देणारे) आणि बाप्टिस्ट (फक्त मोठ्यांना देणारे) दोघेही त्यात आले. तोडगा असा: बाळाचा चालेल, मोठेपणीचाही चालेल, पण दोनदा नाही. मला हा तोडगा पटतो. जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा दस्तऐवजानेही बाप्तिस्मा एकदाच, असंच म्हटलंय.